वारसा यादी झाली, आता अंदाजपत्रक बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नगरपालिकेने वारसा इमारतींची यादी जाहीर केली की तिचे स्वागत होते, आणि ते व्हायलाच हवे. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली. देशातली अशी ती पहिली. इमारतींच्या श्रेणी ठरल्या, वारसा समिती आली, आणि वारशामुळे ज्याचा बांधकामाचा हक्क अडला त्या मालकाला तो टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काच्या, रूपाने दुसरीकडे वापरता येऊ लागला. अशा तरतुदींनी पाडकामाला चाप बसतो. पण वाचलेली इमारत पुढे टिकणार की नाही, हे दुरुस्तीवर ठरते. तिथे अनेक पालिका स्वतःच्याच पैशाने वारशाचे नुकसान करून घेत आहेत.

कारण कागदावरच सापडते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक नेहमीच्या दरसूचीवरून तयार होते. सिमेंटचा गिलावा, सिमेंटने दरजा (विटा-दगडांमधले सांधे) भरणे, जलरोधक रंग या बाबी तिथे तयार असतात. चुन्याच्या कामाची बाब घ्यायची तर वेगळे दरविश्लेषण जोडावे लागते, त्यावर आक्षेप येतात, फाईल लांबते. अभियंता तयार बाब उचलतो. त्यात त्याचा फारसा दोषही नाही. मग चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंट चढते.

चुन्यातली भिंत ओल घेते आणि सोडते. दरजांमधला चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्याने पाणी दरजांवाटे बाहेर पडून सुकते, क्षारही तिथेच साचतात. झिजते ती दरज, आणि दरज पुन्हा भरता येते. सिमेंटने ही वाट बुजवली की पाणी विटेतून किंवा दगडातून बाहेर यायला बघते. क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाच्या जरासे आत तयार होतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. दरजेतले सिमेंट शाबूत राहते, वीट मात्र खाल्ली जाते. भिंतीत अडकलेल्या या ओलीने आत बसवलेली तुळयांची टोकेही कुजतात, आणि गिलाव्याआड ती कोणाला दिसत नाहीत.

म्हणून पालिकेने पहिल्यांदा वारसा कामांसाठी वेगळी दरसूची मंजूर करून घ्यावी आणि प्रत्येक बाबीत कामाची पद्धत लिहावी. नुसते ‘चुन्याचा गिलावा’ एवढे लिहून भागत नाही. कळीचा चुना पाण्यात विरवून, चाळून, किमान दोन आठवडे आणि शक्य तर तीन महिने पाण्याखाली मुरवलेला असावा. नीट न विरलेला कण गिलाव्यात राहिला तर तो नंतर फुगतो आणि तिथे खपली उडते. मुरलेला चुना एक भाग, धुतलेली खरबरीत वाळू तीन भाग, हे आकारमानाने सर्वसाधारण प्रमाण. वाळूच्या कणांमधली पोकळी साधारण एक तृतीयांश असते आणि चुन्याने ती भरायची असते. ओलीच्या जागी सुर्खी, म्हणजे विटेची भुकटी, घालावी, पण ती मंद भाजलेल्या विटांची. खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या, विटेची भुकटी चुन्याशी जवळजवळ काहीच प्रक्रिया करत नाही. ‘लवकर धरावे म्हणून थोडेसे सिमेंट’ हा प्रकार निविदेतच स्पष्ट शब्दांत मना करावा. जुन्या चुन्याचा नमुना सौम्य आम्लात विरघळवून उरलेली वाळू तपासली की मूळ प्रमाणाचा अंदाज येतो. मात्र वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतील तर तेही विरघळतात आणि चुना आहे त्यापेक्षा जास्त भासतो.

दरजा उकरताना ग्राइंडर वापरू देऊ नये. पाते विटांच्या कडा कापते आणि तो व्रण कायमचा राहतो. छिन्नी-हातोडीने दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० मिमी खोल उकरावे, धूळ काढावी, भिंत भिजवावी आणि मगच चुना दाबून भरावा. गिलाव्याचा एक थर १० ते १२ मिमीपेक्षा जाड नको. नंतर ओले गोणपाट लावून आठवडाभर तरी उन्हापासून जपावे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी ओलावा लागतो. झटपट वाळला तर हाताला पीठ लागते. फेब्रुवारीत कार्यादेश आणि ३१ मार्चच्या आत देयक, या वेळापत्रकात असे काम बसणारच नाही. पावसाळा संपताच काम सुरू व्हावे आणि रकमेचा काही भाग पुढचा पावसाळा पाहून द्यावा.

निविदेत सर्वांत कमी दर हा एकच निकष असेल तर चुना मुरवणारा, कारागीर बाळगणारा ठेकेदार हरतो. आधी एक चौरस मीटरचा नमुना भिंतीवर करून घ्यावा, तो मान्य झाला तरच दराचा लिफाफा उघडावा.

‘धोकादायक’ नोटिशींचाही विचार व्हायला हवा. संरचना तपासणीत रिबाउंड हॅमर (आघात करून पृष्ठभागाचा कडकपणा मोजणे) आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) चाचणी सर्रास मागितली जाते. या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. वीट-चुन्याच्या भारवाहक भिंतींबद्दल आणि लाकडी सांगाड्याबद्दल त्यातून उपयोगाचे फारसे कळत नाही; अशा अहवालावर चांगली इमारत पाडली जाऊ शकते. तिथे भिंतीचा ओळंबा बघावा, तड्यांवर काचपट्टी लावून ते तडे वाढतात का हे काही महिने नोंदवावे, तुळयांची टोके उघडून टोचून पाहावीत. धोका खरा असेल तर टेकू द्यावेत, माणसे हलवावीत. त्यात हयगय नको. पण आधी तपासणी त्या बांधकामाला लागू पडणारी असावी.

खासगी मालकांकडे पालिका फक्त परवानगी देणारी म्हणून बघते. कौल बदलणे, पन्हळी बसवणे, तसेच्या तसे लाकूड लावणे, एवढ्यासाठी समितीची वाट पाहावी लागली तर मालक एक तर विचारत नाही किंवा घर गळू देतो. मूळ साहित्य आणि मूळ पद्धत वापरणाऱ्या किरकोळ दुरुस्तीला प्रभाग कार्यालयातून ठरलेल्या दिवसांत मंजुरी मिळावी. सोबत मालमत्ता करात सवलत द्यावी, पण काम झाल्याची पाहणी करून. पाडलेल्या घरांतले सागवान, कौले, घडीव दगड पालिकेने एका गोदामात जमा करून दुरुस्तीसाठी वाजवी दरात दिले, तर मालकांना मोठाच आधार होईल.

अर्थसंकल्पात वारशासाठी तरतूद दिसते ती बहुधा मोठ्या जीर्णोद्धाराची आणि रोषणाईची. नित्य देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचे खाते) हवे: मेमध्ये पन्हळी आणि गच्चीच्या मोऱ्या साफ करणे, फुटके कौल बदलणे, पायाशी साचणारे पाणी वळवणे. भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून काढू नये, दगड सुटतात. तो बुंध्याशी कापून मुळाला औषध घालावे आणि मूळ मेल्यावर पोकळी चुन्याने भरावी. यंदाच्या अर्थसंकल्पात निदान हे शीर्ष उघडावे आणि प्रत्येक वारसा इमारतीच्या पाहणीची वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, लेखी नोंद ठेवावी, ही नगरसेवकांना आणि प्रशासनाला विनंती.

आपला,
एक वाचक