तारीख बदलली आहे

ती. आई-बाबा, सा. न.

मागच्या रविवारी फोनवर छोटूच्या लग्नाच्या तारखेवरून आई एकदम गप्प झाली आणि मग "बरं, ठेवते" म्हणाली ना, तेव्हापासून रोज मनातल्या मनात हे पत्र लिहितेय, पण बसून टाईप करायला आज वेळ मिळाला. आम्ही तिघं छान आहोत. माझी पाठ ठीक आहे, मनगटाचा पट्टा निघाला, रात्रीची जागरणं बंद झालीत (खरंच बंद झालीत, जावयांना विचारा हवं तर). चिऊची शाळा मजेत चाललीय, समोरचे दोन दात पडलेत, फोटोत दिसलेच असतील. बाकी रोजचं तुम्हाला माहितीच आहे.

आधी नोकरीचं, कारण बाबांनी छोटूकडून तीनदा विचारून घेतलं. नोकरी सोडलेली नाही. पाच दिवसांचे तीन दिवस केलेत, पगार त्या हिशोबाने कमी झालाय, पण चालू आहे. आणि उरलेल्या वेळात मी माझा कॉम्प्युटर गेम बनवतेय, तेही चोरून वगैरे काही चाललेलं नाही. नोकरीच्या करारात असं कलम असू शकतं की तुम्ही फावल्या वेळात काही बनवलं तरी त्यावर कंपनी हक्क सांगू शकते, म्हणून गेमची पहिली ओळ लिहायच्या आधीच मी त्यांच्याकडून लेखी परवानगी घेतली, व्हिसाचंसुद्धा वकिलाला फी देऊन विचारून घेतलं. काका म्हणतात तसं स्टीमने, म्हणजे गेम विकायला ठेवतात त्या वेबसाईटने, आपल्याला फसवलेलंही नाही. स्टीमवर गेम ठेवायचा तर एका गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, एकदाच, आणि गेमने १,००० डॉलर कमावले की ते परतही मिळतात. ज्या इंजिनात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, मी गेम बनवते ते गोडो तर पूर्ण फुकट आहे, उद्या गेम कितीही विकला तरी त्याला काही द्यावं लागत नाही. खरा खर्च झाला तो संगीत करून देणाऱ्या मुलीच्या मानधनाचा. ते मी माझ्या बचतीतून दिलं, त्याबद्दल खाली लिहिते.

इथली एक गोष्ट मात्र तुम्हाला नीट सांगायचीच आहे, कारण मला स्वतःला ती पचायला वर्ष लागलं. इथे गेम बनवणारे आम्ही पंधरावीस जण महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये जमतो, प्रत्येक जण आपला अर्धवट गेम लॅपटॉपवर मांडून ठेवतो आणि दुसऱ्या कुणीतरी येऊन तो खेळायचा. इथवर ठीक. पण ज्याचा गेम आहे त्याने तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. तो माणूस चुकला, अडकला, उलट्या दिशेला गेला, तरी "अहो तिकडे नाही, इकडे" म्हणायचं नाही, बोट दाखवायचं नाही, हुं सुद्धा करायचं नाही, शेजारी वही घेऊन बसायचं आणि तो कुठे थांबला, कुठे कंटाळला, ते फक्त लिहून घ्यायचं. पहिल्यांदा मला वाटलं काय हे, माणूस आपल्यासमोर धडपडतोय आणि आपण बघत बसायचं, आपल्याकडे कुणी साधा पत्ता चुकला तरी आपण कोपऱ्यापर्यंत सोडायला जातो. पण त्यामागचं कारण खरं आहे. गेम विकला गेला की खेळणाऱ्याच्या घरात मी काही शेजारी बसलेली नसणार. जे मला तोंडाने सांगावंसं वाटतं, ते सगळं गेममधूनच कळायला हवं. म्हणून गप्प बसायचं.

तर ऑगस्टमधल्या बैठकीत एक साठीच्या बाई माझ्या गेमला बसल्या. तुम्हाला माहितीये गेम काय आहे, एक मुलगी बंद घरातले जुने रेडिओ दुरुस्त करते आणि एकेक स्टेशन लागलं की पुढची खोली उघडते. दुसऱ्या खोलीत रेडिओची एरियल वर ओढायची असते. बाईंना ते कळेच ना. अकरा मिनिटं, मी घड्याळ लावून बघत होते. त्यांनी मागचं झाकण उघडलं, बंद केलं, सगळ्या वायरी हलवून बघितल्या, खिडकीवर क्लिक करून झालं. माझ्या हाताला अक्षरशः घाम. आणि मग त्यांनी शोधणं सोडूनच दिलं आणि नुसतं ते बँड बदलायचं बटण फिरवत बसल्या. कट्ट. कट्ट. परत मागे, कट्ट. मान वाकडी करून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी एरियलची तक्रार केलीच नाही, पहिलं वाक्य काय तर "हा आवाज कुठे मिळाला?" मी सांगितलं, माझ्या बाबांच्या टेबलावर.

(एरियलचं मी बदललं. आता खोलीत शिरलं की ती जराशी थरथरते. सप्टेंबरच्या बैठकीत कुणीच अडकलं नाही.)

बाबा, त्या आवाजाबद्दलच लिहायचंय, आणि हे मला फोनवर बोलता येत नाही. त्या बाईंनी ऐकला तो मी नेटवरून उतरवलेल्या, तुमच्याच जुन्या व्हिडिओतला तुकडा होता, त्यात मागे गाड्यांचे हॉर्न होते. डेमोसाठी, म्हणजे लोकांना आधी खेळून बघायला देतात त्या तुकड्यासाठी, मला तो स्वच्छ हवा होता, म्हणून सप्टेंबरअखेरीस मी तुम्हाला फोन केला. चाळीस मिनिटं तुम्हाला उभं ठेवलं. फोन बटणाच्या अगदी जवळ धरा, आता हळू फिरवा, आता पटकन, आता व्हॉल्यूमची ती खरखर द्या, पंखा बंद करा, अहो पंख्याचा आवाज येतोय, परत एकदा. तुम्ही प्रत्येक वेळी "हो, हां, हे घे" म्हणत होतात. मी फाईल मिळाल्यावर थँक्यू म्हणून फोन ठेवला. आणि दोन दिवसांनी तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तुम्ही सांगितलं नाहीत, हे मी छोटूला रागाने म्हणाले. पण खरं म्हणजे मी विचारलंच नव्हतं. चाळीस मिनिटांत "कसे आहात" एवढंही विचारलं नाही मी. डेमोच्या आठवड्यात मला त्रास नको म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून गप्प राहायचं ठरवलंत, ते मला नंतर कळलं, आणि तेव्हापासून तो आवाज गेममध्ये ऐकला की माझं कामात लक्ष लागत नाही. आता व्यवस्थित दिसतंय ना? थेंब वेळेवर घालताय ना? वाकून सोल्डरिंग करू नका, डॉक्टर सांगतील तोपर्यंत तरी.

तो डेमोचा आठवडा म्हणजे स्टीमचा नेक्स्ट फेस्ट. वर्षातून तीनदा असतो, पण एका गेमला एकदाच भाग घेता येतो, म्हणून मी इतकी जिवावर उदार झाले होते. त्यात लोक डेमो खेळतात आणि आवडला तर विशलिस्टला टाकतात, म्हणजे विकत घेत नाहीत, नुसतं "हा मला हवाय" म्हणून नोंद करून ठेवतात, गेम आला की त्यांना ईमेल जातो. चौदाशे जणांनी माझा टाकलाय. आई, हे चौदाशे गिऱ्हाईक नव्हेत, त्यातले थोडेच घेतील, त्यामुळे आत्यांना आकडा सांगू नकोस प्लीज.

छोटू सगळ्यांना स्टारड्यू व्हॅलीचं उदाहरण देतो हेही कळलं. बरोबरच आहे, एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने तो सगळा गेम केला, कोड, चित्रं, संगीत, सगळं, साधारण साडेचार वर्षं लागली, २०१६च्या फेब्रुवारीत आला आणि तुफान विकला गेला. पण छोटू पुढचं सांगत नाही. ती सगळी वर्षं त्याच्या जोडीदारणीने काम करून घर चालवलं, आणि तो स्वतः संध्याकाळी थिएटरमध्ये लोकांना जागा दाखवायचं काम करायचा. मला आता ती गोष्ट वाचली की गेमपेक्षा त्या घरातला महिन्याचा हिशोब डोळ्यासमोर येतो. आमच्याकडे ते सगळं जावयांनी उचललंय. एकदाही बोलून दाखवलं नाही. गेल्या हिवाळ्यात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे, सकाळी चिऊला तेच उठवायचे, तेच शाळेत सोडायचे, आणि मी झोपलेली असायचे. एकदा मी चिऊला जेवायला हाक मारली तर ती ठोकळे लावत होती, मान वर न करता म्हणाली, "थांब, एवढं सेव्ह करते." माझंच वाक्य, माझ्याच सुरात. ती मस्करी करत नव्हती. तिला वाटतं हाक आली की माणसं असंच उत्तर देतात.

त्या रात्री मी यादी काढून बसले. गेममध्ये बारा खोल्या होत्या, सात ठेवल्या. यात धंद्यातलं एक सांगते, सगळे म्हणतात अजून थोडा जोर लावा, थोडी झोप कमी करा, क्रंच म्हणतात त्याला, पण एकट्याच्या कामात जोर लावून वेळ येत नाही, तो कुणाच्या तरी वाट्याचा काढून घेतलेला असतो. गेमच छोटा करावा लागतो. काढलेल्या पाचांत एक खोली मला फार आवडायची, दोन महिन्यांचं काम होतं, ती फाईल अजून पुसवत नाही. पण आता शुक्रवार आणि सोमवार, चिऊ शाळेत असते तेवढाच वेळ गेमचा, शिवाय बुधवारची रात्र अकरापर्यंत. रविवारी लॅपटॉप बॅगेत असतो. आठ महिने पाळतेय, फक्त डेमोचा आठवडा सोडून. आता गेम तीनेक तासांत संपतो. आईने विचारलं होतं लोक पैसे परत मागतात का, तर हो, विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर मागता येतात, आणि ते योग्यच आहे.

आई, दुसऱ्या बाळाबद्दल तू विचारतेस, त्याचं उत्तर गेम हे नाहीये. आम्ही दोघं बोलतोय. एवढंच सध्या.

आता छोटूचं लग्न. १२ डिसेंबर नक्की झाल्याचं कळलं तेव्हा मी पहिलं काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल, मी तर विसरूच शकत नाही. माझा गेम १० तारखेला येणार होता, तसं मी जाहीर केलं होतं, आणि गेम आल्यावर पहिला आठवडा बनवणाऱ्याला हलता येत नाही, कुणाचा गेम बंद पडतो, कुणाचं सेव्ह उडतं, त्याच दिवशी दुरुस्त करून द्यावं लागतं नाहीतर लोक वाईट लिहितात आणि ते लिहिलेलं कायम राहतं. म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं की लग्न आठवडाभर पुढे नाही का घेता येणार. आई गप्प झाली. छोटू तर म्हणाला, "ताई, बघतो विचारून." त्याने खरंच वहिनीच्या घरी विचारलं असतं. मला ते सहन होत नाहीये. त्याने कुणाला काही विचारायचं नाही.

गेमची तारीख मी बदललीय. काल बदलली. रिलीजला दोन आठवडे उरले की स्वतःहून तारीख बदलता येत नाही, स्टीमला विनंती करावी लागते, ती वेळ यायच्या आधीच करून टाकलं. आता २० जानेवारी. डिसेंबरच्या शेवटी तिथे मोठा सेल असतो, त्यात नवीन गेम कुणाला दिसणार नाही, म्हणून थेट जानेवारी. काही जणांनी विचारलं काय झालं, मी सरळ लिहिलं, धाकट्या भावाचं लग्न आहे.

आम्ही तिघं ४ तारखेला पोचतोय, २८ पर्यंत आहोत, तिकिटं काढली. लॅपटॉप येईल, खोटं सांगत नाही, पण सगळे उठायच्या आधी तासभर, तेवढाच.

पैशांचं. लग्नासाठी जे कबूल केलं होतं त्यातले अर्धे आज पाठवलेत, दोन दिवसांत दिसतील. उरलेले गेमच्या भरवशावर ठेवलेले नाहीत, जानेवारीत विकलं त्याचे पैसे फेब्रुवारीअखेर हातात येतात, त्यातूनही स्टीम ३० टक्के कापून घेतं आणि वर कर. मी एका दुसऱ्या टीमचं कोडचं काम घेतलंय, छोटंसं आहे, सोमवारच्या वेळात बसतं, त्याचे नोव्हेंबरअखेर मिळतील ते लगेच पाठवते. बाबा, नको नको म्हणू नका. संगीताचं मानधन त्याच बचतीतून गेलं म्हणून उशीर झाला, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आणि हॉलवाल्यांना आगाऊ देण्यासाठी एफडी मोडू नका, मोडली असेल तर मला खरं सांगा.

छोटूला सांगा ताईने सॉरी म्हटलंय, मीही फोन करेनच. वहिनीच्या घरच्यांपर्यंत माझं ते बोलणं गेलं नसेल अशी आशा आहे, गेलं असेल तर मी आल्यावर स्वतः बोलेन त्यांच्याशी.

बाबा, एक काम. गेमच्या शेवटी नावं येतात, त्यात आवाजासाठी तुमचं नाव टाकतेय. पूर्ण नाव टाकू की दुकानाच्या पाटीवर होतं तसं आद्याक्षरांनी? शुक्रवारपर्यंत कळवा, चिऊलाच सांगितलंत तरी चालेल, ती लिहून ठेवेल.

तुमची
ताई