ते लाकूड दगड का झालं नाही

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "साडेचार कोटी वर्षांपूर्वीचं लाकूड म्हणजे दगडच ना गं?" घाईत मी नुसतं 'नाही' म्हटलं. आज नीट लिहिते.

माझ्यासमोर कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या अ‍ॅक्सल हायबर्ग बेटावरचा एक तुकडा आहे. अहो, लाकूडच आहे ते! करवतीने कापलं की भुसा पडतो, पेटवलं तर जळेल. नदीच्या पुराच्या गाळात झाडं झटपट गाडली गेली, लाकडात खनिजं शिरलीच नाहीत. १९८५ मध्ये एका हेलिकॉप्टर पायलटच्या नजरेला हे बुंधे पडले. जिथे वाढले तिथेच, मुळांसकट उभे. आज त्या बेटावर झाड म्हणावं असं काही उगवत नाही.

त्या रानात मेटासेक्वोया खूप होते. या झाडाचं बारसं १९४१ मध्ये जपानच्या शिगेरू मिकींनी जीवाश्मांवरून केलं, आणि थोड्याच वर्षांत चीनमध्ये तेच झाड जिवंत सापडलं! सूचिपर्णी असूनही ते हिवाळ्यात पानं गाळतं.

आता खरी गंमत. तेव्हाही हे बेट ध्रुवाजवळच होतं. हवा उबदार, पण हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवायचाच नाही. अंधारात पानं अन्न तर बनवत नाहीत, उलट श्वसनात साठा संपवतात, म्हणून झाडं ती टाकून देत असणार, असंच सगळे धरून चालले होते. मलाही ते पटलं होतं. पण शास्त्रज्ञांनी या झाडांच्या आजच्या भाऊबंदांची रोपं ध्रुवासारख्या अंधारात वाढवून हिशेब मांडला. २००३ मध्ये निकाल छापून आला: अंधारात पानं सांभाळायला जेवढा कार्बन लागतो, त्याच्या कितीतरी पट पानं गाळण्यात जातो. म्हणजे काटकसरीचं कारण टिकत नाही. इतकं सरळ वाटणारं उत्तर कुणीतरी रोपं लावून तपासलं, याचं मला फार अप्रूप आहे.

तिथल्या पाचोळ्याचे थरही टिकलेत. मेटासेक्वोयाची पानं सुटी गळत नाहीत, पानांसकट बारीक डहाळीच गळते. काल तशी एक भिंगाखाली पाहिली. तपकिरी, नाजूक, दोन्ही बाजूंना समोरासमोर पानं. देठाशी ती कुठून सुटली, ती जागासुद्धा दिसते. बराच वेळ मी तिथून उठलेच नाही.

आईला हे वाचून दाखवा. तिला सा. न.

तुमची,
लेक