कोवळ्या हातांचा हिशेब कोण ठेवणार?

महोदय,

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, ते योग्यच झाले. मात्र तेव्हापासून संगणकावरचा प्रत्येक खेळ पालक एकाच मापाने मोजू लागले आहेत. माझा पुतण्या आणि त्याचे महाविद्यालयीन मित्र 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा १९९९ मध्ये प्रथम आलेला खेळ ऑनलाइन लीगमध्ये खेळतात. त्यात चेंडू मारायचा नसतो. आपापला संघ वर्षानुवर्षे चालवायचा असतो, आणि त्यातला खरा कस लागतो तो नवख्या खेळाडूंना घडवताना.

ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, घेतलेल्या अठरा वर्षांच्या मुलापुढे दोन आकडे दिसतात, एक त्याच्या आजच्या कौशल्याचा आणि दुसरा तो पुढे कुठवर जाऊ शकेल याचा. दुसरा आकडा हा पारख करणाऱ्या स्काउटचा केवळ अंदाज असतो; तो दुखापतीने, मेहनतीच्या अभावाने किंवा नुसत्या नशिबानेही घसरू शकतो. मुलाला फार लवकर वरच्या पातळीवर ढकलले तर तो सतत अपयशी ठरून त्याची वाढ खुंटते, सोप्या पातळीवर ठेवले तर त्याला आव्हानच उरत नाही आणि बाकावर बसवले तर सरावही जातो. परवा ही मुले एका पिचरला (बेसबॉलमधला गोलंदाज) मुख्य लीगच्या खालच्या 'डबल-ए' या पातळीवर चढवावे की आणखी एक हंगाम खालीच ठेवावे, यावर तासभर वाद घालत होती. त्याचे बळी किती, हे कोणीच विचारत नव्हते; प्रश्न होता त्याने या महिन्यात किती चेंडू टाकले याचा. आपल्या निवड समित्यांच्या बैठकांत असा वाद मी तरी ऐकलेला नाही.

फार चेंडू टाकून हात दुखावू नये, ही काळजी प्रत्यक्ष बेसबॉलमधूनच आलेली आहे. टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील फाटलेल्या अस्थिबंधावर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी जी शस्त्रक्रिया केली, ती आज त्या पिचरच्याच नावाने ओळखली जाते, आणि तिच्यानंतर मैदानावर परतायला साधारण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. अमेरिकेत २०१४ मध्ये तयार झालेल्या मार्गदर्शक नियमांनुसार १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि ६६ किंवा अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी.

आपल्या जिल्ह्यात मात्र तोच वेगवान गोलंदाज सकाळी शाळेकडून, दुपारी अकादमीकडून आणि रविवारी तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धेत उतरतो. त्याचे एकूण चेंडू कोणत्याच वहीत सापडत नाहीत. (वयाच्या दाखल्यांचा विषय मी येथे मुद्दाम काढत नाही.)

वरच्या गटात लवकर खेळवणे नेहमीच चूक असते, असेही मी म्हणत नाही. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात निवडली गेली. तिची तयारी त्या पातळीची होती. पण तिचे उदाहरण देऊन सर्वच मुलांना वरच्या गटात घुसवणारे पालक आणि प्रशिक्षक ती तयारी तपासत नाहीत.

जिल्ह्यातील शाळा, अकादमी आणि स्पर्धा संयोजकांनी १४ वर्षांखालील प्रत्येक गोलंदाजासाठी एक सामायिक नोंदवही सुरू करावी. ती खेळाडूजवळ असावी, सामन्यानंतर पंचांनी त्यात चेंडूंची संख्या लिहून सही करावी, आणि ती दाखवल्याशिवाय पुढच्या सामन्यात गोलंदाजी करू देऊ नये. यासाठी निधीची किंवा शासनाच्या आदेशाची गरज नाही. येत्या उन्हाळी स्पर्धांपासूनच हे करता येईल.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, विश्रामबाग, सांगली