काकड्याच्या सीडी बर्न झाल्या, दादा तुमचे मनापासून आभार

दादा नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, म्हणून हे सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. माझ्या मावसभावाचे मित्र एवढीच आपली ओळख, तरी तुम्ही ड्युटीवरून घरी आल्यावर रात्री व्हिडिओ कॉलवर बसून माझा डीव्हीडी रायटर बघितलात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आईच्या भजनी मंडळाच्या काकड आरतीच्या जुन्या कॅसेट होत्या, त्यात आता हयात नसलेल्या बायकांचे आवाज आहेत, त्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. पण देवळातला प्लेअर जुना आहे, त्याला पेन ड्राइव्ह लागत नाही, एमपीथ्री पण चालत नाही, साधी ऑडिओ सीडीच लागते. कोजागरीपासून काकडा सुरू होणार म्हणून मंडळातल्या बायका रोज विचारायच्या, झाली का रे सीडी? आणि इकडे बाहेरून जोडायचा तो स्लिम रायटर काही केल्या बर्न करेना. कधी पॉवर कॅलिब्रेशन एरर, कधी बर्न सुरू होऊन मध्येच बंद. कराडला दुकानात दाखवला तर त्यांनी लावूनही न बघता सांगितलं की लेझर गेलाय, नवीन घ्या.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "जुनी सीडी वाचतो का?" वाचत होता, गाणी नीट वाजत होती, डीव्हीडी पण चालत होती. मग ड्राइव्ह कॉम्प्युटरमध्ये दिसतोय ना, दिसतोय. तिथंच तुम्ही म्हणालात की मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, हात घालायचा नाही. कारण मला एकाने तिथल्या अपरफिल्टर्स लोअरफिल्टर्स नावाच्या नोंदी डिलीट कर म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही समजावलंत की तो उपाय ड्राइव्हच गायब होतो किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं तेव्हाचा, इथं त्याचा संबंध नाही. हे फार बरं झालं, नाहीतर सिस्टीमचं भलतंच काहीतरी झालं असतं.

मग दुसऱ्या कंपनीची कोरी सीडी लावायला लावलीत, तरी तेच. स्पीड कमी करून 10एक्सवर आणायला सांगितलंत, तेव्हा जरा पुढे गेला आणि पुन्हा अडकला. मी मोबाइल ड्राइव्हजवळ धरला होता, आत डिस्क फिरायचा आवाज चढत गेला, हिरवी लाईट लुकलुकली आणि आवाज एकदम खाली बसला, त्याच क्षणी कॉम्प्युटरमधून टुंग असं वाजलं, पेन ड्राइव्ह काढल्यावर वाजतं ना तसं. तुम्ही लगेच म्हणालात, "थांबा, हा आवाज परत ऐकवा." परत बर्न लावला, परत तेच. आणि मग विचारलंत, "केबल कुठं लावलीय?"

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, मध्ये एक लांब एक्स्टेन्शन, कारण टेबल लांब पडतं.

तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मला आयुष्यभर लक्षात राहील. वाचताना लेझर अगदी मंद लागतो, पण लिहिताना डिस्कवरचा रंगाचा थर तापवून त्यावर खुणा पाडायच्या असतात म्हणून कितीतरी पट जास्त पॉवर लागते, वर डिस्क फिरवणारी मोटर आहेच. युएसबी 2.0 च्या पोर्टला 500 मिलीअँपिअरपर्यंतच करंट धरलेला असतो, तो अशा रायटरला बर्न करताना कमी पडतो, आणि बारीक लांब केबलमधून गेल्यावर 5 व्होल्टपण पूर्ण पोचत नाहीत. म्हणून वाचतो छान आणि लिहायच्या वेळी मान टाकतो. आणि ते पॉवर कॅलिब्रेशन म्हणजे बर्न करायच्या आधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला थोडंसं लिहून बघतो की ह्या डिस्कला लेझर किती जोरात लागेल, तिथंच पॉवर पुरली नाही की एरर. दुकानदार म्हणाला तसं लेझर कमजोर झाला, लेन्सवर धूळ बसली किंवा डिस्कच भंगार असली तरी हीच एरर येते हे पण तुम्ही सांगितलंत, पण टुंग वाजून ड्राइव्ह गायब होतोय म्हणजे आधी करंट बघा म्हणालात.

एक्स्टेन्शन काढलं, ड्राइव्ह स्टुलावर ठेवून कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावला. आणि ड्राइव्हच्या खोक्यात जी दोन तोंडांची केबल पडली होती, जी कशाला दिलीय कुणालाच कळलं नव्हतं, तिचं दुसरं तोंड शेजारच्या पोर्टला, म्हणजे करंट दोन पोर्टमधून मिळतो. बर्न लावला आणि तुम्ही पण फोन चालू ठेवून गप्प बसलात. पूर्ण झाला दादा! ट्रे बाहेर आला तेव्हा आईने डिस्क हातात घ्यायच्या आधी तिला नमस्कार केला.

त्यानंतर पण तुम्ही सोडलं नाहीत. एका सीडीत 80 मिनिटंच बसतात म्हणून काकडा, भूपाळ्या आणि गौळणी वेगवेगळ्या डिस्कवर करायला लावल्यात, गाण्यांमधली दोन सेकंदांची गॅप काढायला सांगितलीत कारण अभंगातून अभंगात जाताना टाळ तुटत होते, आणि प्रत्येक डिस्क शेवटपर्यंत वाजवून बघितल्याशिवाय देवळात द्यायची नाही असं बजावलंत. किती बारीक विचार! पैशाचा विषय काढला तर तुम्ही फोनच ठेवलात.

सीडी देवळात पोचल्या, प्लेअरवर नीट चालतायत. कॅसेटवरून उतरवलेल्या मूळ वेव्ह फाइल तुम्ही सांगितल्या तशा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्यात, सीडीवर भरवसा ठेवलेला नाही. दोन तोंडांची केबल आता ड्राइव्हलाच चिकटपट्टीने बांधलीय. मंडळातल्या काकू विचारतायत की त्रिपुरीला तुम्ही येताय का, त्या दिवशी काकड्याची समाप्ती असते, महाप्रसाद असतो. वहिनींना आणि पोरांना घेऊन या, मुक्काम आमच्याकडेच.

तुमचा,
सीडीवाला