माथेरानच्या इंजिनांचे पोकळ आस

महोदय,

माथेरानच्या गाडीविषयीच्या लेखांबरोबर वाफेच्या इंजिनाचे जे छायाचित्र येते, ते पुष्कळदा दार्जिलिंगच्या बी वर्गातल्या इंजिनाचे असते. त्यातले ७९४ क्रमांकाचे इंजिन पुढे नेरळला आणले गेल्याने हा घोटाळा आणखी वाढला. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, दोन्हीकडे ६१० मिमीच. पण माथेरानचा मूळ एमएल वर्ग अगदी वेगळा, आणि घाटासाठी त्यात केलेली योजना फार हुशारीची होती.

आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेला हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीने चार इंजिने बांधली. पुढे त्यांना ७३८ ते ७४१ हे क्रमांक मिळाले. चढ २० ला १, म्हणजे प्रत्येक टनामागे ५० किलो ओढ नुसत्या चढासाठी. इंजिन आणि डबे मिळून ४० टन धरले, तर २ टन झाली. घर्षण आणि वळणाचा अडथळा वेगळाच. ओल्या रुळांवर पकड घटते, तेव्हा चाकांपुढे वाळू सोडावीच लागते. अशा ठिकाणी पुढे-मागे नुसती वाट दाखवणारी चाके लावली, तर इंजिनाचे काही वजन त्यांच्यावर वाया जाते. म्हणून सहाही चाके ओढणारी ठेवली. पण एकमेकांना जोडलेले तीन आस (समोरासमोरच्या चाकांना सांधणारे दांडे, अ‍ॅक्सल) घाटातल्या तीव्र वळणांत अडकतात, चाकांच्या कडा (फ्लँज) आणि रूळ दोन्ही झिजतात.

यावर उपाय क्लिन आणि लिंडनर या सॅक्सनीच्या रेल्वेतील अभियंत्यांच्या रचनेचा. पहिला आणि शेवटचा आस दुहेरी: आत भरीव आस, त्याच्या टोकांना चौकटीबाहेर क्रँक (आस फिरवणारे हात), त्याभोवती पोकळ आस, चाके त्यावर बसवलेली. आतल्या आसाच्या मध्यावर गोलाकार सांधा आणि आडवी पिन. पिनेमुळे फिरण्याचा जोर बाहेरच्या आसाला मिळतो, आणि चाके वळणानुसार तिरपी होतात, बाजूला सरकतात. आतला आस जागचा हलत नसल्याने एका बाजूचे क्रँक एकमेकांना जोडणारे जोडदांडे सरळच राहतात. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लष्कराच्या ब्रिगेडलोक इंजिनांनाही हेच आस होते.

यातली अडचण देखभालीची. सांधा पोकळ नळीत बंद असल्याने तेल नीट पोहोचत नाही, पिन झिजते, आणि ती बघायची तर आस बाहेर काढावा लागतो. झिजलेल्या सांध्याने इंजिन वेगात डुलू लागते. घाटातल्या संथ चालीत मात्र त्याचा त्रास कमी.

चढाचा परिणाम बॉयलरवरही होतो. २० ला १ चढावर ३ मीटर अंतरात पाण्याच्या पातळीत १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. धुराडे उताराकडे असेल, तर पाणी पुढे जाते आणि फायरबॉक्सचे (आगीच्या पेटीचे) छत उघडे पडण्याचा धोका असतो. बॉयलरमधले पाणी दाखवणाऱ्या काचनळीतली पातळी वाचताना हा फरक लक्षात घ्यावाच लागतो.

आज ७४० ब्रिटनमध्ये आहे. नेरळ स्थानकावर या आसाचे उभे छेदचित्र आणि चालते लहान प्रारूप ठेवले, तर शाळेतल्या मुलांनाही त्याचे काम दिसेल. खर्चही फार नाही. आणि छायाचित्र छापण्यापूर्वी एका बाजूच्या जोडदांड्यावरचे क्रँकचे सांधे मोजावेत. तीन असतील तर माथेरानचे, दोन असतील तर दार्जिलिंगचे.

– एक रेल्वे अभ्यासक, कर्जत