धरायला दांडा, उठायला खुर्ची : सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या वर्गासाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

आपल्या तालुक्यातल्या सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या मुलांसाठी आम्ही पालक मिळून एक वर्ग सुरू करतो आहोत. त्यासाठी लाकूड, सुतार, जागा आणि माणसं हवी आहेत. पैशांचं त्यानंतर.

यातली बरीच मुलं एसटीने फिजिओथेरपीला जातात. ती चालूच राहील. पण ते तास-अर्धा तास सोडले तर उरलेला दिवस आईच्या कडेवर नाहीतर भिंतीला टेकून जातो. दुसऱ्याने पाय ताणून दिला की स्नायू थोडा मोकळा होतो, उठून उभं राहणं मात्र मुलाने स्वतः पुन्हा पुन्हा केल्याशिवाय येत नाही. वाटी तोंडाशी नेणं, चड्डी वर ओढणं, खुर्चीवरून उठणं, अशी रोजची कामंच धडे म्हणून घ्यायची, असं आम्ही ठरवलंय.

कल्पना आमची नाही. हंगेरीत बुडापेस्टला डॉ. आंद्राश पेतो यांनी १९४५च्या सुमारास या मुलांना रुग्ण न मानता विद्यार्थी मानून गटात शिकवायला सुरुवात केली. मूल आधी मोठ्याने म्हणतं, ‘मी हात वर करतो’, मग एक ते पाच मोजत तो वर नेतं. शेजारचा करतोय हे पाहून आळशी गडीही हलतो! सामानही साधंच. फटी ठेवून फळ्या ठोकलेला पलंग, म्हणजे बोटं फटीत अडकवून कूस बदलता येते. आणि आडव्या दांड्यांच्या पाठीची खुर्ची, धरून उठायला आणि ढकलत चालायला.

याने सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही. मेंदूला झालेली इजा भरून निघत नाही आणि प्रत्येक मूल चालेलच असंही नाही. इतर पद्धतींपेक्षा हीच सरस, असा दावाही आम्ही करणार नाही. स्वतःच्या हाताने जेवता आलं तरी घरातलं बरंच बदलतं.

तर मदत अशी हवी : जुन्या वाड्याचं सागवान पडून असेल तर द्या. सुतारांनी मापं घ्यायला यावं, कारण प्रत्येक मुलाच्या खुर्चीची उंची वेगळी. तळमजल्यावरची, पायरी नसलेली खोली सकाळपुरती हवी. दुपारी मुलं शाळेत जातील. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो हक्क दिलाय आणि आम्ही तो सोडणार नाही. आठवड्यातून दोन सकाळी नियमाने येऊ शकणाऱ्या तायादादांची फार गरज आहे. मुलांना काय शिकवायचं ते त्यांना फिजिओथेरपिस्ट दाखवतील. रोख देणगीची पावती मिळेल. हारतुरे आणि मुलांसोबत फोटो मात्र नकोत.

तुमच्या वाडीवस्तीवर असं मूल घरातच असेल, तर देणगीच्या आधी त्याच्या आईवडिलांना हा निरोप सांगा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं नसलं तरी चालेल, ते आपण मिळून काढू.

आपले,
पालक मंडळ