खो

सावईवेरे, फोंडा
3 ऑगस्ट 2025

प्रिय कॅप्टन,

आठ महिने झाले, तुला एक फोन केला नाही. जानेवारीत तुझा निरोप आला होता, "बघतेस ना?" म्हणून. बघत होते गो! दिल्लीचा तो खो-खोचा विश्वचषक, फायनलला आपल्या पोरींनी नेपाळला 78-40 हरवलं, आणि मी इथे खोकी बांधता बांधता एकटीच ओरडत होते. प्रियांका इंगळे चषक उचलत होती तेव्हा तू आठवलीस. तरी उत्तर पाठवायचं राहिलं ते राहिलंच. माझी तब्येत बरी. गुडघा पावसात कुरकुरतो, तेवढंच.

आज लिहिते आहे ते वेगळ्याच कारणाने. गेल्या महिन्यात मी परत तेच केलं. तालुक्याच्या फायनलला केलं होतं तेच.

तुला माहीत आहे, आमचं कोकमाच्या रसाचं आगळ, वाळवलेली सोलां, फणसाची साटं आता बरीचशी ऑनलाइनच जातात. जुलैत एका मोठ्या ऑनलाइन बाजाराचा सेल होता. भाव पाडा, आम्ही तुम्हाला वर दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. मी रात्री अकरा वाजता एकटीने हो म्हटलं. वर जाहिरातीला पैसे भरले. दोन दिवसांत आगळाच्या 140 ऑर्डरी आल्या आणि घरात बाटल्या होत्या 90. कोकमाची फळं, भिरणां, एप्रिल-मेची. जुलैत आगळ आणायचं कुठून? पन्नास जणांना नाही म्हणावं लागलं, रेटिंग कोसळलं, आणि आता आमचं आगळ त्या बाजारात शोधूनही सापडत नाही.

पण मला खातंय ते हे नाही. पॅकिंगला ठेवलेली मुलगी आठवते ना, तुझ्या आईच्या ओळखीची? नव्वद हा आकडा तिच्या वहीत होता. सेलच्या आदल्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली होती, "ताई, नव्वदच आहेत हां." मी फोनमधून मान वर काढली नाही. आणि सगळं अंगाशी आल्यावर तिच्यावरच ओरडले, बाहेर कुरिअरवाला उभा असताना. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली आणि खाली मान घालून टेप लावत बसली.

कॅप्टन, तू सहाव्या चौकोनात होतीस. शेवटचं मिनिट, त्यांची एकच पोरगी मैदानात, आणि ती मधल्या पाटीच्या पलीकडे, तुझ्या तोंडासमोर. मला पाटी ओलांडता येत नव्हती. तुझ्या पाठीला हात लावून खो म्हटलं असतं तर तू दोन पावलांत तिला धरली असतीस. मी तुझ्या मागून तशीच पळत गेले. खांबाला वळसा घालून सूर मारला तोवर शिट्टी झाली होती. एका गुणाने हरलो. दोन महिने तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की तू उठायला उशीर केलास. तू उशीर केला नव्हतास. मी खो दिलाच नव्हता. हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे.

धंद्यातही बघ, गिऱ्हाईक म्हणजे ती पळणारी. ती कुठूनही घुसते, बसलेल्यांच्या मधून निघते, चार दुकानं बघून रात्री एक वाजता परत येते. आपल्याला मात्र एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. सेलला हो म्हटलं की संपेपर्यंत तो भाव आपल्या गळ्यात. म्हणून तर सर सांगायचे, पायांवर भिस्त ठेवू नका, साखळी लावा, पहिली तीन-चार मिनिटं तिला नुसती दमवा. (आणि सर "साखळी तुटली" म्हणून ओरडले की तू, साखळी गावची, म्हणायचीस, "सर, माझ्या गावाला नावं ठेवू नका." ते स्वतःच हसत सुटायचे.) मी तिथे एकटीच पळते आहे. फोटो मी, भाव मी, रात्रीच्या मेसेजांना उत्तरं मीच.

आणि बसलेल्याला जे दिसतं ते पळणाऱ्याला दिसत नाही. बाटल्या वाटेत गळतात अशी तक्रार मेपासून होती. मी कुरिअरशी भांडत होते. या पोरीने काय केलं, तर संध्याकाळी जाताना सगळ्या भरलेल्या बाटल्या वर्तमानपत्रावर उलट्या मांडून ठेवल्या. सकाळी कागदावर अकरा लाल गोल उमटले होते. त्या अकरा तिने बाजूला काढल्या, झाकणं बदलली. तेव्हापासून एक बाटली गळून परत आलेली नाही. तो कागद मी जपून ठेवला आहे.

परवा तिने सांगितलं, गणेश चवथीनंतर येणार नाही. फोंड्याला दुकानात काम मिळतंय. मी रात्रभर जागी. काल तिची माफी मागितली, आणि भाव, साठा, गिऱ्हाइकांची उत्तरं सगळं तिच्या हाती देते म्हटलं, नफ्यातल्या वाट्यासकट. "बघते" म्हणाली. तुझ्यासारखीच मान हलवली.

तुझी बदली झाली का? लेकीचं दहावीचं वर्ष ना, तिला माझ्यातर्फे काजू पाठवते. आईंना नमस्कार सांग. चवथीला ये, गणपतीवर फळांची माटोळी बांधायला हात कमी आहेत.

दुकानाचा फोन आज तिच्याकडे आहे. बाजूच्या खोलीत मघापासून तीनदा वाजला. तिसऱ्यांदा मी उठून दारापर्यंत गेले होते. कुणाला तरी सांगत होती, "आगळ आता मे महिन्यात, तोवर सोलां पाठवू का?" मी परत येऊन हे पत्र पुरं करायला बसले.

तुझी,
आठव्या चौकोनातली